फिरत्या चुंबकाचा ठावठिकाणा

विजेवर, किंवा वीज आणि पेट्रोल या दोहोंवर, चालणारी गाडी मध्येंच धक्के देऊं लागली आणि पुढें जागची हलेनाशी झाली, कीं दुरुस्तीच्या कारखान्यांतून पुष्कळदां एकच निरोप येतो : "मोटरचा सेन्सर गेला, संबंध पेटीच बदलावी लागेल." हा खर्च सामान्य गृहस्थाचें कंबरडें मोडणारा असतो. त्याला मान डोलविण्यापूर्वीं कोणत्या तपासण्या झाल्या हें मालकानें विचारावें, म्हणून हें भाषण.

अशा मोटरच्या मध्यभागीं लोहचुंबक बसविलेला दंड फिरतो आणि सभोंवार तांब्याचीं वेटोळीं स्थिर असतात. वेटोळ्यांतील प्रवाह चुंबकास ओढतो. पण तो नेमक्या क्षणीं सोडला तरच. झोका देणाऱ्या हाताची वेळ चुकली तर झोपाळा अडखळतो, तसेंच हें आहे. म्हणून चुंबक या घटकेस कोणत्या कोनांत आहे, हें गाडी उभी असतांनासुद्धां कळावें लागतें. पुष्कळ गाड्यांत तें काम रिझॉल्व्हर नांवाचें साधन करतें.

त्याची रचना साधी आहे : वेटोळ्यांचे तीन संच आणि उंचसखल कडेची एक लोखंडी तबकडी. पहिल्या संचांत सेकंदाला सुमारें १०,००० आवर्तनांचा उलटसुलट प्रवाह सोडतात. तबकडी फिरली कीं तिची कड जवळ येते, दूर जाते, आणि उरलेल्या दोन संचांतील विजेचा दाब कमीजास्त होतो. एकांतील कोनाच्या ज्येप्रमाणें, दुसऱ्यांतील कोज्येप्रमाणें. या ज्या-कोज्यांचा व्यवहारांत उपयोग काय, असें मला वर्गांत विचारणारीं मुलें पुष्कळ होतीं. दोहोंच्या वर्गांची बेरीज नेहमीं १ भरते, हें त्यांनीं पाठ केलेलें सूत्रच येथें पहारेकऱ्याचें काम करतें. बेरीज घटली, कीं एखादा संकेत दुबळा झाला किंवा तुटला, हें यंत्रास उमगतें.

टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी १९९७ सालीं जपानांत विक्रीस आली. तिच्यांत हा दोष पी०ए३एफ, पी०ए४० किंवा पी०ए४१ या संकेतांकांनीं नोंदला जातो. मात्र संकेतांक "या मंडलांत कोठें तरी बिघाड आहे" एवढेंच सांगतो. सेन्सरच मेला असें तो म्हणत नाहीं. मंडलांत तारा आहेत, जोड आहेत, आणि दुसऱ्या टोंकाला संगणकही आहे. जोडांत पाणी शिरून पितळेवर हिरवट कीट चढणें, पिन मागें सरकणें, तार घासून उघडी पडणें, हे दोष अगदीं स्वस्तांत दुरुस्त होतात. प्रियसमध्यें रिझॉल्व्हर पेटीच्या आंत असल्यामुळें तो दोषी ठरला तर मात्र सारी पेटी बदलण्याची पाळी येते. म्हणूनच घाई नको.

हें काम घरीं करूं नये. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्यें बॅटरीचा दाब सुमारें २०१ व्होल्ट असून मोटरसाठीं तो ५०० पर्यंत चढवितात. जाणता कारागीर रबरी हातमोजे घालून संरक्षक खटका काढतो, निदान दहा मिनिटें थांबतो, आणि दाब उतरल्याची मापून खात्री करून घेतो.

मग संगणकाकडील जोड सोडवून तिन्ही संचांचा रोध मापावा. ज्या आणि कोज्या या संचांचे आंकडे जवळजवळ सारखे यावेत. प्रियसमध्यें जनित्रालाही असाच सेन्सर असतो. त्याच्याशीं ताडून पाहणें फार सोयीचें. आंकडा अनंत आला तर मोटरजवळच्या जोडावर पुन्हां मापावें : तेथें तो ठीक असेल तर दोष वाटेंतील तारेचा. मापतांना तारा हलवाव्यात. कांटा नाचला तर चोर सांपडला. प्रत्येक संच गाडीच्या सांगाड्यापासून आणि इतर संचांपासून अलग आहे ना, हेंही पाहावें. तांबें तापलें कीं त्याचा रोध वाढतो, ८० अंशांच्या वाढीला जवळजवळ तीस टक्के. म्हणून गरम मोटरचा आंकडा थंड मोटरच्या कोष्टकाशीं ताडणें व्यर्थ. उलट, गाडी तापल्यावरच अडत असेल तर थंड मापावर विसंबूं नये.

सारे आंकडे ठीक आणि धक्के मात्र चालूच, अशा वेळीं ऑसिलोस्कोपवर लहरी पाहाव्या लागतात. इन्व्हर्टरचा विद्युत्-गोंगाट रोखणारें तारेवरचें जाळीचें आवरण तुटलें असेल, तर त्या तेथें विस्कटलेल्या दिसतात.

कांहीं गाड्यांत मोटर किंवा इन्व्हर्टर बदलल्यावर शून्य-कोन संगणकाला पुन्हां शिकवावा लागतो. तें राहिलें तर नवी मोटरही धक्केच देते. तेव्हां गाडी ताब्यांत घेतांना तें झाल्याची नोंद पावतीवर मागून घ्यावी.