गाडी वाजवून घ्यायची जागा

सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घ्यायला आलेलं जुनं, जाणतं माणूस आधी पैशाला हात घालत नाही. हंडा उचलतं, एका हातावर तोलतं आणि कडेवर टिचकी मारतं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे, मग तांबटाच्या ठोक्यांनी तो कितीही झळकत असो. म्हणून तर आपण म्हणतो, वस्तू वाजवून घ्यावी.

हंडा वाजवता येतो, पण मोटार कशी वाजवायची? आणि जी मोटार पत्र्याची नाहीच, नुसती मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या पडद्यावर धावते, ती?

‘ग्रान टुरिझ्मो’, ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ यांसारख्या रेसिंग गेममध्ये शर्यतीइतकाच वेळ गॅरेजात घालवणारी पोरं आहेत. टायरमधली हवा, शॉकअपचा कडकपणा, गिअरचं गुणोत्तर, ब्रेकचा जोर पुढे किती अन् मागे किती, हे सगळं तिथं बदलता येतं. आणि तो बदल दिखाऊ नसतो. फोर्झा गेम गाडीवरच्या जोरांचं गणित सेकंदाला 360 वेळा मांडतो. ताशी 100 किलोमीटरनं पळणारी गाडी दोन गणितांच्या मधल्या वेळात 8 सेंटीमीटरही पुढं गेलेली नसते! हवा थोडी कमी केली की त्याचा परिणाम पुढच्याच वळणावर हाताला कळतो.

मात्र त्यासाठी वळण नेमकं हवं. गाडी जुळवणाऱ्यांचे ट्रॅक ठरलेले असतात ते याचमुळे. प्रत्येक ट्रॅक गाडीला वेगळ्या जागी टिचकी मारतो.

जपानचा त्सुकुबा बघा. एक फेरी जेमतेम 2.045 किलोमीटरची. ब्रेक मारा, वळा, पुन्हा वेग घ्या. दम खायला जागा नाही. गाड्यांवर हात चालवणाऱ्या जपानी मंडळींसाठी इथं मिनिटाच्या आत फेरी मारणं ही जुनी फुशारकीची खूण. गेममध्येही त्याचा उपयोग तोच: ट्रॅक आखूड असल्यानं बदल केला की लगेच निकाल हाती येतो.

फोर्झाचा मेपल व्हॅली पृथ्वीवर कुठंच नाही. पानगळीच्या रंगांत न्हालेली ती दरी निव्वळ कल्पनेतली. पण चढ, उतार, लांबलचक वळण आणि एकदम आवळलेलं वळण असं सगळं तिथं एका फेरीत भेटतं, म्हणून कितीतरी जण नवी गाडी आधी तिथंच घेऊन जातात.

सुझुका तर जन्मानंच परीक्षेची जागा. होंडा कंपनीनं 1962 साली तो आपल्या गाड्या तपासायलाच बांधला. त्याचा आकार इंग्रजी आठासारखा, रस्ता पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. बहुतेक ट्रॅकवर एकाच बाजूची वळणं जास्त असतात आणि एका बाजूचे टायर आधी झिजतात. आठाच्या आकारात डावं-उजवं बरंचसं सारखं होतं.

आणि जर्मनीचा न्युर्बुर्गरिंग! 1927 साली खुला झालेला त्याचा उत्तरेकडचा फेरा 20.8 किलोमीटरचा आहे. म्हणजे सोनगीरहून धुळ्याला जावं, जवळपास तेवढं अंतर. आपल्या लाल परीला त्याला अर्धा तास तरी लागतो. 2018 साली पोर्शच्या एका खास रेसिंग गाडीनं जंगलातला, वळणावळणाचा तो फेरा 5 मिनिटं 19.55 सेकंदांत संपवला. त्या वाटेवर सुमारे 300 मीटरचा चढउतार आहे, खाचखळगे आहेत, कुठंकुठं चाकं हवेत उचलली जातात. गुळगुळीत ट्रॅकवर शहाणी वाटणारी कडक गाडी इथं बद्द वाजते.

राहिला वेग. 2010 च्या ‘ग्रान टुरिझ्मो 5’मध्ये 30 किलोमीटरहून लांब असा एक लंबगोल ट्रॅक दिला होता, केवळ गाडीचा कमाल वेग काढण्यासाठी. बघणाऱ्याला वाटतं, असला रस्ता गेममध्येच असायचा.

पण सोनगीरच्या फाट्यावर उत्तरेकडं तोंड करून उभे राहा. याच आग्रा रोडनं तापी ओलांडायची, शिरपूर सोडून बिजासन घाटानं सातपुडा चढायचा, नर्मदा ओलांडायची, विंध्यातून वर निघायचं. दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर झाले की पीथमपूर येतं. तिथं नॅट्रॅक्स या सरकारी चाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा, 16 मीटर रुंद लंबगोल ट्रॅक आहे. 29 जून 2021 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब म्हणून गाजला.

त्याची वळणं बशीच्या काठासारखी बाहेरून उचललेली आहेत. यात्रेतल्या मौत का कुआँत फटफटी भिंतीवरून का पडत नाही, त्याच्याच नात्यातलं हे गणित. ताशी 250 किलोमीटरला गाडीला बाहेर फेकणारी ओढ आणि उताराची आत घेणारी ओढ यांची फिट्टंफाट व्हावी, असा तो उतार आखला आहे. त्या वेगाला वळण घ्यायला टायरांना आडवा जोर लावावाच लागत नाही. त्याच वेगानं अख्खी फेरी पावणेतीन मिनिटांत संपते.

तिथं याशिवाय ब्रेकसाठी, हाताळणीसाठी, चढासाठी, हादऱ्यांसाठी वेगवेगळे ट्रॅक आहेत. म्हणजे गेममधल्या पोरानं आपल्या अनुभवानं जी वाटणी केली, तीच इंजिनिअरांनी डांबर-सिमेंटात ओतली आहे.

आणि हायवेवरच्या गॅरेजातला मिस्त्री तरी वेगळं काय करतो? बोनेट आपटून ‘एक ट्रायल मारी येस’ म्हणत निघतो तो दर वेळी त्याच तुकड्यावर: तोच गतिरोधक, तोच चढ, तेच वळण. रस्ता तोच राहिला, तरच बदललेला आवाज गाडीचा आहे हे त्याला कळतं.

तेव्हा गेममध्ये गाडी जुळवायला बसाल तर एकच ट्रॅक धरा. काहीही न बदलता आधी दहा फेऱ्या मारा, वळणं पाठ होऊ द्या. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा त्याच वाटेनं जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर टिचकी कुठल्या हंड्याला मारली तेच कळायचं नाही.