रुळांचे माप आणि संगणकाची कार्यप्रणाली

जबलपूर शहरात पुष्कळ वर्षे दोन मापांचे लोहमार्ग शेजारी शेजारी नांदत होते. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या 1676 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावत. नैनपूरवरून गोंदियाकडे जाणारी सातपुड्यातील लहान गाडी 762 मिलिमीटरच्या रुळांवरून निघे. एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर चालत नाही. म्हणून माल उतरवून पुन्हा भरावा लागे. 2015 साली जबलपूर-नैनपूर मार्गावरील अरुंदमापी वाहतूक थांबली व पुढे तो मार्ग रुंदमापी झाला. त्या दिवशी लहान इंजिनांत काही बिघाड झाला नव्हता. त्यांच्याखालचा रूळ तेवढा गेला.

संगणकाच्या जगातही असेच घडते. प्रोसेसर हा संगणकाचा गणन करणारा भाग. त्याच्याकडून शिस्तीने काम करवून घेणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला ठराविकच आज्ञा कळतात.

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली हेलसिंकी येथे इंटेलच्या 386 या प्रोसेसरवर लिहावयास घेतली. त्याच 386 चा आधार डिसेंबर 2012 मध्ये तिच्या गाभ्यातून वगळण्यात आला, आणि टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल मुळीच हळहळ दाखविली नाही. असे का व्हावे?

तिकिटाच्या दोन खिडक्यांवरील दोन कारकून एकच नोंदवही वापरीत आहेत असे समजा. पहिल्याने आसन रिकामे पाहिले. नाव लिहिण्यापूर्वीच दुसऱ्याने तेथे आपल्या उतारूचे नाव घातले. एकाच आसनाचे दोन धनी झाले! हा घोटाळा टाळण्यासाठी ‘पाहा, ताडून बघा, जुळल्यास बदला’ हे सारे एका अखंड क्रियेत व्हावयास हवे. 1989 च्या 486 मध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. 386 मध्ये ती नाही. शिवाय स्मृतीच्या एखाद्या भागावर ‘येथे लिहू नये’ अशी खूण असली, तरी खुद्द गाभा तेथे लिहू लागल्यास 386 त्याला अडवीत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी वेगळ्या वाटा लिहाव्या लागत, आणि गाभ्यात प्रत्येक सुधारणा करताना त्या वाटा तपासाव्या लागत. इंटेलने 386 चे उत्पादन 2007 मध्येच थांबविले होते. तपासण्यासाठी यंत्रे दुर्मिळ, वापरणारे थोडे, आणि तपासणीचे ओझे मात्र सर्वांवर, अशी ती स्थिती होती.

परंतु ज्याच्याजवळ जुने यंत्र आहे, त्याची बाजूही लहान नाही. कार्यप्रणालीतील दोष दुरुस्त होणे थांबले, की ते यंत्र जाळ्याला जोडणे धोक्याचे ठरते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियनच्या 13 व्या आवृत्तीत इंटेल जातीच्या 32-बिटी संगणकांसाठी गाभाही नाही व स्थापनेची सोयही नाही. आपल्याकडील सी-डॅकची ‘बॉस’ ही कार्यप्रणाली डेबियनवरच उभारलेली आहे. तेव्हा हा प्रश्न परदेशाचाच आहे असे समजू नये.

शाळेतील जुना संगणक मोडीत काढण्याची मात्र घाई नको. 64-बिटी प्रोसेसर घरगुती संगणकांत 2003 पासून येऊ लागले. पण अनेक ठिकाणी त्यांवर 32-बिटी कार्यप्रणालीच बसविली गेली. अशा यंत्राला नवी 64-बिटी प्रणाली चालते, स्मृती तेवढी पुरेशी हवी. म्हणून प्रथम प्रोसेसरचे नाव व क्रमांक पाहावा.