नडगीवरचे टेंगूळ आणि शस्त्रक्रियेची मुदत

पावसाने वारंवार दगा द्यावा, दिवाळी सरताच घरेच्या घरे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखी जावीत, आणि मागे राहिलेल्या पोराने अंगावर वर्दी चढवणे हीच काय ती सुटकेची वाट मानावी, अशा बीड जिल्ह्यात धावणे हा उपजीविकेसाठी गुदरलेला अर्जच होय. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरील शाळा पायी गाठत. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळवले. त्यांचे नाव येथे घेतले ते व्याधीपायी नव्हे. भरतीची सोळाशे मीटरची धाव घड्याळ लावून मोजणाऱ्या पोरांच्या डोळ्यांपुढे कोणती प्रतिमा असते, हे कळावे म्हणून.

या पोरांपैकी तेरा-चौदा वर्षांचा एखादा पायऱ्या उतरताना, उकिडवे बसताना किंवा तालमीच्या हौद्यात गुडघा टेकताना कळवळतो. वाटीच्या खाली, नडगीच्या माथ्यावर बोट ठेवून ‘इथंच’ म्हणतो, आणि चाचपून पाहावे तो तेथे बोराएवढे कठीण टेंगूळ हाताला लागते. आजी तेल चोळते. वडील ‘वाढीचं दुखणं हाय, जाईल आपोआप’ असे म्हणून तो विषय तहकूब करतात. गंमत अशी की वडिलांचे हे निदान बहुतांशी खरे असते. चुकते ती आजीची मालिश, कारण आधीच चिडलेली जागा रगडल्याने अधिकच चिडते.

मांडीच्या पुढील बाजूचा बलिष्ठ स्नायू वाटीमार्फत एका जाड कंडरेने नडगीवरील उंचवट्याशी जखडलेला असतो. पौगंडावस्थेत हा उंचवटा पुरता अस्थिरूप झालेला नसतो, त्याच्या बुडाशी कूर्चा असते; हाडे झपाट्याने लांबत असताना स्नायू मात्र त्या मानाने आखूड व ताठ राहतात, आणि प्रत्येक उडीगणिक कंडरेची ओढ नेमकी त्या कच्च्या जागेवर बसते. बॉस्टनचे रॉबर्ट ऑस्गुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर यांनी 1903 साली, एकमेकांशी कसलीही मसलत न करता, या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून दोघांचीही नावे त्यास चिकटली.

इलाज साधा, परंतु धीराची कसोटी पाहणारा. धाव सर्वस्वी बंद करण्याचे कारण नसते. ती दुखणे सोसवेल इतपत कमी करावी, सरावानंतर बर्फाने शेकावे, मांडीचे पुढचे व मागचे स्नायू नित्य ताणावेत, गुडघे टेकताना खाली मऊ घडी घ्यावी. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचून घेण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कंडराच दुर्बळ होते. वर्ष-दीड वर्षात, क्वचित त्याहून उशिरा, हाडाची वाढ संपते आणि दहांतील सुमारे नऊ जणांची फिर्याद आपसूक निकालात निघते. तथापि रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, वाढत जाणारी सूज किंवा लंगडणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘वाढीचं दुखणं’ या शब्दांवर विसंबणे धोक्याचे आहे. हाडाचा कर्करोग याच वयात व गुडघ्याच्याच आसपास उद्भवू शकतो, आणि खुब्याचा विकारही कधी गुडघ्याच्या नावाने रडतो. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय बीडमध्ये आहे. एका एक्स-रेसाठी पुणे वा संभाजीनगर गाठण्याची गरज नाही.

उरतो तो दहावा. वाढ संपून वर्षे लोटली तरी त्याचा गुडघा जमिनीला टेकवत नाही, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत कंडरेच्या आत हाडाचा एक सुटा कण अलग दिसतो; वाढीच्या काळी तुटलेला आणि मूळ हाडाशी पुन्हा कधीच न सांधलेला. शस्त्रक्रियेचा अधिकार या कणावर चालतो. कंडरा तिच्या तंतूंच्या दिशेने उभी विलग करतात, कण सोडवून काढतात, पुढे आलेला उंचवटा तासून सपाट करतात आणि कंडरा पूर्ववत शिवतात. अलीकडे काही ठिकाणी हेच काम दुर्बिणीतून होते. मात्र वाढीची कूर्चा मिटण्यापूर्वी या जागी सुरी लावल्यास हाडाची पुढील बाजू अकाली खुंटून गुडघा मागे वाकण्याचे भय असते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलास ‘अजून थांब’ म्हणून परत पाठवणारा शल्यचिकित्सक चालढकल करीत नसतो. भरतीची तारीख जवळ आली, हे सबळ कारण हाडाला मान्य नाही.

योग्य वेळी, योग्य रुग्णावर केलेल्या या शस्त्रक्रियेचे फळ बहुधा समाधानकारक असते. रुग्ण लवकरच चालू लागतो. मांडीची ताकद परत आणण्याचे व्यायाम काही आठवडे चालतात, आणि धावण्याची मुभा त्यानंतरच मिळते. छेदाच्या बाहेरील अंगास त्वचेला थोडी बधिरता येऊ शकते, कारण तेथून एक बारीक मज्जातंतू आडवा जातो. कित्येकांना गुडघे टेकताना पुढेही थोडे बोचते. मांडी घालून जेवायला बसणाऱ्या आणि कुस्ती खेळणाऱ्या मुलखात या दोन गोष्टी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, मुलास आणि त्याच्या वडिलांस, मराठीतून सांगितल्या जाव्यात.