की-बोर्ड ऐकत नाही म्हणून लिनक्स पुन्हा टाकू नका

‘लिनक्समध्ये की-बोर्डची सेटिंग टिकतच नाही, सरळ फॉरमॅट मारा.’ हा सल्ला इतक्यांदा कानावर आलाय की आता चीड येते. माणूस बिचारा अख्खा दिवस घालवून लिनक्स नव्याने टाकतो आणि अडचण जिथल्या तिथे. राहणारच, कारण काही बिघडलेलंच नव्हतं.

होतं असं. मराठी टाइप करायला कुणीतरी जुनी आज्ञा देतं: सेटएक्सकेबीमॅप, लेआउट यूएस आणि आयएन, अदलाबदलीला आल्ट-शिफ्ट. एरर येत नाही. मग टेक्स्ट एडिटर उघडून, आल्ट-शिफ्टने भाषा बदलून, इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीतली ‘क’ची कळ दाबावी, तर उमटतं इंग्रजी ‘के’. शेजारच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच कळीने ‘क’ येतो. ‘लिनक्सचा भरवसा नाही’ हे इथूनच सुरू होतं.

ही आज्ञा बोलते एक्स सर्व्हरशी, म्हणजे पडदा आणि की-बोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेशी. तिची एक्स११ ही आवृत्ती आली 1987 मध्ये. आता बहुतेक ठिकाणी तिची जागा वेलँडने घेतली आहे; फेडोराने 2016 मध्ये 25व्या आवृत्तीपासून, उबुंटूने 21.04 पासून. वेलँडमध्ये की-बोर्ड पडद्यावर विंडो मांडणाऱ्या कंपोझिटरच्या ताब्यात असतो, म्हणजे नोममध्ये नोम शेलच्या आणि केडीईत केविनच्या. जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर आत चालू ठेवलेला असतो आणि तुमची आज्ञा पोचते ती तेवढ्याच खोलीत. अलीकडच्या आवृत्त्या तसा इशारा टर्मिनलवर छापतात. कृपा करून तो वाचा!

म्हणून आधी टर्मिनलमध्ये एक्सडीजी सेशन टाइप या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहा. उत्तर ‘वेलँड’ आलं तर नोमच्या सेटिंग्जमध्ये की-बोर्डखाली इनपुट सोर्सेसमध्ये मराठी जोडा. सुपर-स्पेसने भाषा बदलेल. एवढंच.

‘मग एक्स११वर तरी सेटिंग टिकायला हवी’ असं वाटतं, पण तिथेही ही आज्ञा त्या क्षणी जोडलेल्या की-बोर्डलाच लागू होते. यूएसबी काढून पुन्हा लावली की एक्सच्या दृष्टीने नवा की-बोर्ड आला. तो मूळच्या सेटिंगवर जातो.

‘सुडो लावलं की सगळं चालतं’ हाही गैरसमजच. नोमची सेटिंग्ज, म्हणजे जीसेटिंग्ज, प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असतात. सुडोने केलेला बदल रूटच्या खात्यात जातो, तुमच्या डेस्कटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

की-बोर्डपलीकडचा असाच एक गैरसमज: ‘विंडो ठरवलेल्या जागी उघडत नाही, म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग.’ एक्स११मध्ये प्रोग्रॅम जागा मागू शकतो, पण आयसीसीसीएम या नियमावलीनुसार ती द्यायची की नाही हे विंडो मॅनेजर ठरवतो. वेलँडच्या नेहमीच्या विंडोला तर स्वतःची जागा मागायची सोयच नाही. केडीईत मात्र विंडो रूल्समध्ये जागा बांधून देता येते, आणि केविन ती पाळतो.