वाकडी वाट, जवळची वाट

डोंबिवली-कल्याणातून नातवंडांसाठी अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांना विमानातल्या पडद्यावर एक गोष्ट हमखास खटकते. न्यूयॉर्क पश्चिमेला, मग विमान ग्रीनलंडच्या दिशेला का चाललंय? वैमानिक लांबून नेतोय, असा समज होतो.

खरं तर तीच जवळची वाट. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे नकाशातली सरळ रेघ प्रत्यक्षात सर्वांत लहान असेलच असं नाही. आपलं ठाणं आणि मेक्सिको सिटी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या जरा वर. तो अक्षांश धरून नाकासमोर पश्चिमेला गेलं, तर अंतर सुमारे १८,००० किलोमीटर भरतं. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर येतं सुमारे १५,६०० किलोमीटर. मुलांना घेऊन घरी करून पाहावा असाच हा प्रयोग आहे. मुंबई-न्यूयॉर्कचं असं किमान अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे, आणि ती वाट ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते.

विमान नेमकं त्याच वाटेने जाईल, हेही गृहीत धरू नये. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला. शहरं जागच्या जागी राहिली, प्रवासाचे तास वाढले.

दुसरा समज शाळेतल्या भूगोलातून येतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्कामाचं गाव आपणच सरकत येतं. पण हवाही पृथ्वीबरोबर फिरते, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. उलट सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना हे वारे समोरून येतात आणि मुंबईला परतताना पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर संपतो.

तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास कळत नाहीत. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा कायम साडेदहा तास मागे असतं, हेही अर्धंच खरं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो.

सर्वांत महागात पडते ती मध्यरात्रीनंतरची तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं त्या वेळी सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री १ वाजता असं असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री १० वाजताच पोहोचायला हवं. म्हणजे डोंबिवलीतून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघायचं, आणि तेही शिळफाट्याच्या वाहतुकीचा वेळ हाताशी ठेवून.