मेसमधल्या मैत्रिणीला आधी कळतं

माणगाव तालुक्यातल्या लोणेरे गावी १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभं राहिलं आणि मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या पट्ट्यात राज्यभरातली मुलं शिकायला येऊन राहू लागली. कुठल्याही हॉस्टेलात घर सुटतं, तशी ताटावरची आईची नजरही सुटते. कोण जेवायला आलं नाही, कोण ‘बाहेर खाल्लंय’ म्हणून खोलीवर पडून राहिलं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आणि खाण्याचे मानसिक आजार बहुतेकदा सुरू होतात ते याच वयात.

अ‍ॅनोरेक्सियात माणूस पोट मारत जातो, वजन धोक्याच्या पातळीखाली उतरतं. बुलिमियात बकाबका खाणं होतं आणि मग उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे बिंज ईटिंगमध्ये, उलटी नसते; खाऊन झाल्यावर उरते ती शरम. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं तेही २०१३ मध्ये.

आपल्याकडे या आजारांना लपायला जागा फार. सोमवार, चतुर्थी, श्रावण, आणि काहीच नसेल तर पित्त! उपास हा काही आजार नव्हे. तो संध्याकाळी सुटतो आणि साबुदाण्याची खिचडी तर सगळेच मागून खातात. शंका घ्यायची ती कारणं रोज बदलतात पण न जेवणं तेच राहतं तेव्हा. १९९५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच भारतीय तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. जेवणाला नकार, सततच्या उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी, सगळं होतं. पण ‘मी जाड दिसते’ ही पाश्चात्त्य पुस्तकांतली ठरावीक खूण नव्हती. त्यामुळे ‘तिला कुठे फिगरची पडलीय’ म्हणून निर्धास्त राहणं बरं नाही.

फिगरची पडण्याचे दिवसही दूर नाहीत म्हणा. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तिथल्या शाळकरी मुलींमध्ये वजनासाठी उलटी काढणारी तेव्हा एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं. आता तर पडदा खिशातच असतो. मुलगेही सुटलेले नाहीत. त्यांचं प्रकरण जिम, आरसा आणि प्रोटीन पावडरच्या आडोशाने वाढतं.

‘जरा मनावर घे, खा की’ हा सल्ला मात्र वाया जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. हळूहळू त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना, काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. मन उदास, चिडचिड वेगळीच. उपासमार स्वतःच डोकं फिरवते, म्हणून उपचारात नियमित जेवण आधी येतं. फार खंगलेल्या मुलीला मात्र एकदम भरवणंही घातक. रक्तातले क्षार कोसळतात, तिथे रुग्णालयच हवं. वजन फार घटलेलं नसेल तर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेली संवादोपचाराची पद्धत साधारण २० आठवडे चालते. घरी राहणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती देणारी कुटुंबोपचाराची पद्धत आहे. बरं होता येतं, वेळ लागतो.

प्रतिबंधासाठी घाबरवणारी व्याख्यानं फारशी कामाची नाहीत. ‘बॉडी प्रोजेक्ट’ या अमेरिकी उपक्रमात विद्यार्थिनी स्वतःच सडपातळपणाच्या खुळाविरुद्ध बोलतात, लिहितात, आणि प्रशिक्षण घेतलेल्या मैत्रिणीच गट चालवतात. असा गट माणगावच्या एखाद्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला सहज जमावा. त्याला खर्च तो किती!

मेसच्या टेबलावर बसणाऱ्यांनी आजाराचं निदान करायचं नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही कौतुकाची सवय सोडली आणि एकांतात ‘तू जेवत नाहीयेस, काळजी वाटते’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. आणि उलट्या चालू असतील तर वजन ठीक दिसलं तरी थांबू नये: पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांना उलट्यांचं खरं कारण सांगून रक्ततपासणी आणि ईसीजी लगेच करून घ्यावा.