शब्द एक, अर्थ दोन

कोकणीत ‘शीत’ म्हणजे पानात वाढलेला भात. मराठीत त्याच भाताचा एक कण! माणूस प्रसंग पाहून अर्थ ताडतो. यंत्रास ते नेहमीच साधते असे नाही.

मोठ्या संस्थांत हिशेब, भांडार, वेतन ही कामे निरनिराळ्या संगणक-प्रणाली सांभाळतात आणि मागणी येताच एक प्रणाली दुसरीस ठरलेल्या नमुन्यात माहिती पुरविते. हीच सेवाधिष्ठित रचना. परंतु नमुना जुळला म्हणून अर्थ जुळतोच, असे नव्हे. अशाच देवघेवीत ‘नासा’ने एक यान गमावले. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले. भूमीवरील एका प्रणालीने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले. दुसरीने ते न्यूटन-सेकंद मानले. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन! मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरांवरून जावयाचे यान सुमारे ५७ किलोमीटरांपर्यंत उतरले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी कायमचे अबोल झाले.

‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने २००७ साली सेवेच्या वर्णनातील पदांस अर्थकोशातील संकल्पनांची खूण जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो कोश मात्र माणसांनाच एकत्र बसून, शब्दाशब्दावर वाद घालून रचावा लागतो. आणि माझ्या मते खरे कष्ट तेथेच आहेत.